देवीला खोली कशाला?

आमच्या शाळेत दरवर्षी वक्तृत्वस्पर्धा होते आणि दरवर्षी तीत निदान दोन तरी मुली फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर बोलतात. भाषणे बहुधा एकाच ठशाची असतात. क्रिमियाचे युद्ध, अंधारा वॉर्ड, कण्हणारे सैनिक आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी ती करुणेची मूर्ती! दिवा उंच धरण्याचा अभिनय करताना मुलीचा हात थरथरतो, पालकमंडळी गहिवरतात, आणि परीक्षक (म्हणजे बहुतेक वेळा मीच) दहांपैकी आठ गुण देऊन मोकळे होतात. मागच्या वर्षी मात्र भाषण पाठ करून घेत असताना सहावीतली एक मुलगी मध्येच थांबली आणि तिने मला विचारले, "बाई, रात्रभर दिवा घेऊन फिरायची, मग ती झोपायची कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. वीसएक वर्षे मी ते भाषण मुलींकडून घोकून घेत आले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मुलीला तो पडला याचे कारण अगदी साधे आहे. तिची आई एका इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येते तेव्हा घर म्हणजे भाड्याची एकच खोली, तीत दोन मुले, दम्याने खोकणारी सासू आणि दाराबाहेर नळावर चाललेले भांडण. झोप ही त्या घरात शिकारीसारखी, दबा धरून साधावी लागते.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक मला विदुषी समजतात ही त्यांची चूक. परंतु वाचायची खोड आहे, आणि पोरीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता वर्गात उभे राहण्याची लाजही आहे. म्हणून मी शोध घेऊ लागले. पहिले उत्तर लवकर मिळाले. १८५४ च्या नोव्हेंबरात नाइटिंगेल अडतीस बायका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीला पोचली. तेथील प्रचंड बराकीच्या एका बुरुजात त्यांना मोजक्या पाचसहा खोल्या मिळाल्या, आणि सांगतात की त्यांतल्या एका खोलीत एका रशियन सेनानीचे प्रेत तसेच पडलेले होते. ते हलवल्यावर मग जागा झाली. जगाने दिव्याची चित्रे काढली. (तो दिवाही चित्रातल्यासारखा नव्हता, घडीचा कागदी-कापडी तुर्की कंदील होता.) बुरुजातल्या त्या खोल्यांचे चित्र मात्र मी अजून कोणत्याही शाळेच्या भिंतीवर टांगलेले पाहिलेले नाही.

दुसरे उत्तर मिळायला वेळ लागला, आणि ते सात समुद्रांपलीकडून आले. माझा एक भाचा सिडनीला नोकरीस असतो. मी हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आमच्या ऑफिसपासून चालत गेले तर नर्सेसच्या जुन्या निवासाची एक इमारतच आहे." पुढच्या रविवारी त्याने तिची छायाचित्रे पाठवली. मॅक्वारी स्ट्रीटवरच्या सिडनी हॉस्पिटलच्या आवारात ती उभी आहे. रंगीत विटांची, टोकदार कमानींची, दुमजली. एखाद्या परीकथेतल्या घरासारखी गोजिरवाणी. नाव 'नाइटिंगेल विंग'. आज नर्सेस तेथे राहात नाहीत. परिचर्येच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. त्या इमारतीची हकिकत मी जसजशी वाचत गेले तसतसा माझा संताप वाढत गेला, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काहीतरी खुसखुशीत द्या" असे सांगितलेले असतानाही मी हे लिहावयास बसले. वाचकहो, फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचा असे मी म्हणत नाही. खाता खाता वाचा. पण वाचा.

आधी ते इस्पितळच मुळात कसे उभे राहिले ते ऐका. १८१० नंतर सिडनी म्हणजे इंग्रजांची कैदी पाठवण्याची वसाहत. गव्हर्नर मॅक्वारीला इस्पितळ बांधायचे होते, पण विलायतेतले सरकार पैसे देईना. तेव्हा त्याने तिघा जणांशी करार केला: तुम्ही इस्पितळ बांधून द्या, त्याबदली ४५,००० गॅलन रम आयात करण्याचा मक्ता तुम्हांला! १८११ पासून १८१६ पर्यंत काम चालले आणि लोकांनी त्या वास्तूला 'रम हॉस्पिटल' असेच नाव ठेवले. दारूच्या पैशातून आरोग्याचे मंदिर! मक्तेदारांचे बांधकाम कसे असते हे आपणांस सांगावयास नको. पुढे त्या तीन इमारतींपैकी एक विधिमंडळाकडे गेली, एक टांकसाळीकडे गेली, आणि मधली, सर्वांत मोठी, ती रोग्यांकडे राहिली. राज्यकर्ते आणि नाणी दोन बाजूंना, मधोमध रोगी. यापेक्षा बोलकी रचना मला कादंबरीतसुद्धा सुचली नसती.

त्या मधल्या इमारतीत ढेकणांचा सुकाळ आणि दुर्गंधीचा मुक्काम. रोग्यांची देखभाल करायला शिक्षण नावाची गोष्ट ठाऊक नसलेली माणसे. अशा स्थितीत १८६६ मध्ये वसाहतीचा मंत्री हेन्री पार्क्स याने लंडनला नाइटिंगेलला पत्र लिहिले की आम्हांला शिकलेल्या नर्सेस द्या. तिने लूसी ऑस्बर्न हिला प्रमुख नेमून सोबत पाच जणी धाडल्या. १८६८ च्या ५ मार्चला त्या सहा जणी सिडनीच्या बंदरात उतरल्या. आठवडा लोटतो न लोटतो तोच, १२ मार्चला, राणीच्या मुलावर, प्रिन्स आल्फ्रेडवर, सहलीच्या ठिकाणी एका इसमाने गोळी झाडली. त्याच्या शुश्रूषेला याच नव्या नर्सेस गेल्या. राजपुत्र वाचला. कृतज्ञ प्रजेने वर्गणी काढली, आणि त्या पैशांतून एक नवे इस्पितळ १८८२ साली सुरू झाले. त्याला नाव दिले कुणाचे? राजपुत्राचे! ज्याला गोळी लागली तो थोर. जिने रात्रभर उशाशी बसून जखम धुतली तिची आठवण राहिली ती बखरीच्या तळटीपेत.

आता आपली इमारत. टॉमस रो नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने ती आखली, नर्सेससाठी म्हणून मुद्दाम, आणि १८६९ मध्ये ती पुरी झाली. नाइटिंगेलच्या विचारांवर ती बेतलेली होती, म्हणून तिचे नाव. बाईंनी ती इमारत जन्मात पाहिली नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्यांचे पाऊल कधी पडले नाही. तिथे संसार मांडला तो लूसी ऑस्बर्नने. सोळा वर्षे तिने ते इस्पितळ ओढले. आपल्याकडे वाड्याला आजोबांचे नाव असते आणि वाडा सारवते ती सून. हा न्याय इकडचा तिकडचा सारखाच दिसतो.

परंतु नावाचे एक सोडा. माझा राग निराळ्या गोष्टीवर आहे. देखणे निवासस्थान बांधून दिल्यावर त्या इस्पितळाच्या चालकांना वाटले की आपले कर्तव्य संपले. राहायला घर दिले, वर 'लेडी सुपरिंटेंडंट' असा किताब दिला. आता आणखी काय हवे? हवे होते ते एकच: नर्सेसवर हुकूम कुणाचा चालणार याचा निर्णय. लूसीला लंडनहून सांगून पाठवले होते की नर्सेस तुझ्या हाताखाली. इथे येऊन पाहते तो व्यवस्थापक आपला अधिकार सोडीना, मानद शल्यवैद्य आपला तोरा सोडीनात, आणि कमिटीतल्या गृहस्थांना वॉर्डातल्या ढेकणांपेक्षा या बाईचे वागणे अधिक खुपू लागले. १८७० मध्ये बोभाटा झाला की बाईंनी बायबले जाळली! जुनी, फाटकी, किडकी धर्मपुस्तके स्वच्छतेसाठी जाळली, हा अपराध. चौकशी बसली. पाहा गंमत: भिंतीत ढेकूण होते त्याची चौकशी नाही, ढेकूण काढणारीची चौकशी.

शेवटी १८७३ मध्ये विंडेयर नावाच्या कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसले. त्याने इस्पितळाची पाहणी केली, साक्षी घेतल्या, आणि घाणीचा, अनास्थेचा, हेळसांडीचा ठपका ठेवला तो कमिटीवर. लूसी ऑस्बर्न निर्दोष ठरली. म्हणजे येऊन पाच वर्षे झाल्यावर सरकारने मान्य केले की ही बाई जे म्हणत होती ते खरे होते. तोवर बरोबरच्या पाच जणींची पांगापांग झालेली. हाल्डेन टरिफ नावाची त्यांतली एक मेलबर्नच्या इस्पितळाची मुख्य झाली. आणि लंडनला बसलेल्या नाइटिंगेलबाईंचे मन लूसीवरून केव्हाच उडाले होते. एका खाजगी पत्राचे निमित्त झाले; लूसीने राजपुत्राच्या आजारपणाबद्दल घरी लिहिले, ते पत्र हातोहात फिरले, आणि बाई रुष्ट झाल्या त्या झाल्याच. मोठ्या माणसांचा राग मोठा असतो. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण नाइटिंगेलबद्दल माझा आदर खरा आहे. परंतु भाषणे पाठ करून घेणाऱ्या शिक्षिकेने हेही मुलींना सांगितले पाहिजे, नाहीतर ती भाषणे आरत्या होतात.

लूसी १८८४ साली सिडनी सोडून गेली. लंडनच्या गरीब वस्तीत घरोघर जाऊन रोग्यांची सेवा केली आणि १८९१ मध्ये वारली. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली त्या मुलखातल्या इतर इस्पितळांत प्रमुख म्हणून गेल्या. आज त्या संग्रहालयाच्या पाटीवर दोघींची नावे आहेत, लूसीचे आणि नाइटिंगेलचे. एवढा न्याय काळाने केला.

माझे स्नेही म्हणतील, आणि एकाने हस्तलिखित वाचून म्हटलेच, की बाई, तुम्ही उगाच त्रागा करता. त्या काळी बायकांसाठी अशी इमारत उभी राहिली हेच केवढे! या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

होय, ती निवासस्थाने फार मोठी गोष्ट होती. लंडनला सेंट टॉमस इस्पितळात १८६० साली नाइटिंगेलने शाळा काढली तेव्हा शिकाऊ मुलींना प्रत्येकीला स्वतंत्र खोली दिली होती. विचार करा, तेव्हाच्या इंग्लंडात काय किंवा आपल्याकडे आजही काय, किती बायकांना स्वतःची खोली असते? बापाच्या घरात ती भावंडांत निजते, नवऱ्याच्या घरात नवऱ्याच्या, आणि म्हातारपणी मुलाच्या घरात देवघराच्या बाजूला. शिवाय घरापासून दूर, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावण्याच्या कामाला आईबापांनी मुली धाडल्या, त्या निवासाच्या दाराला कडी होती म्हणूनच. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्याचे मनावर घेतले, तेव्हा समाजाने काय काय नाके मुरडली हे जुन्या पिढीने ऐकलेले आहे. अशा समाजात 'मुली सुरक्षित राहतील' असे सांगता येणे हीच अर्धी लढाई होती.

पण त्या कडीला दोन बाजू होत्या. ती बाहेरच्याला आत येऊ देत नसे, तशी आतलीला बाहेर जाऊ देत नसे. सेंट टॉमसच्या मुलींना नियम होता: एकटीने बाहेर पडायचे नाही, दोघींनी मिळून जायचे. त्या मुली शहाण्या. दोघी मिळून निघायच्या आणि कोपरा वळला की आपापल्या वाटेने जायच्या! (हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.) राहणे, खाणे, गणवेश हे सारे इस्पितळाचे, म्हणून पगार बेताचा, आणि निवास आवारातच, म्हणून हाक मारली की नर्स हजर. घर हा पगाराचा तुकडा होता आणि पहाराही होता. उपकार मात्र तो कधीच नव्हता. ज्यांनी चोवीस तास वेठीला धरायचे ठरवले त्यांना झोपायला जागा द्यावीच लागते. उपकाराची भाषा नंतर आली, कोनशिलेवर नावे कोरायची वेळ आली तेव्हा.

माझी स्वतःची एक मावशी नर्स होती. आमच्या जिल्ह्याच्या गावी इस्पितळाच्या मागे कौलारू 'नर्सेस क्वार्टर्स' होती. तिथे तिने एकतीस वर्षे काढली. माझे आजोबा तिच्याबद्दल पाहुण्यांशी बोलताना 'ती इस्पितळात नोकरीला आहे' इतकेच म्हणत. 'नर्स' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. मात्र मामाच्या इंजिनिअरिंगची फी त्या न उच्चारलेल्या शब्दातूनच दर सहामाहीला येत असे. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जाई. आठ वाजता फाटक बंद, वहीत सही, पाहुण्याचे नाव आणि नाते. लोखंडी खाट, खाली हिरवी ट्रंक, खिडकीत तुळशीची कुंडी, दोरीवर खळ घातलेल्या पांढऱ्या साड्या. सकाळी ड्यूटीवरून आली की मावशी पाय कोमट पाण्यात बुडवून बसे आणि मग दाराला आतून कडी लावून झोपे. दुपारी दोनपर्यंत तिला उठवायचे नाही असा दंडक होता, आणि तो साऱ्या जणी पाळीत. वऱ्हांड्यात मोठ्याने बोलले तर शेजारच्या खोलीतून कुणीतरी "अगं, नाइटवाली झोपलीय" असे दटावी. जगात बाईच्या झोपेचा एवढा मान ठेवणारी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

पुढे ती निवृत्त झाली आणि क्वार्टर्स 'धोकादायक' ठरली. धोकादायक ठरली ती दुरुस्त झाली नाहीत. आज तिथे मोडक्या खाटा आणि जुन्या केसपेपरांचे गठ्ठे आहेत, आणि दारावर कुलूप. नव्या मुलींना घरभाड्याचा भत्ता मिळतो. त्या भत्त्यात इस्पितळाजवळ खोली मिळत नाही, लांब मिळते. आणि लांब राहणाऱ्या मुलीची रात्रपाळी सुटते तेव्हा वाहन मिळत नाही. सिडनीकडेही निवासस्थाने ओस पडली, पण तिथले कारण वेगळे. १९८५ साली न्यू साउथ वेल्समध्ये परिचर्येचे शिक्षण इस्पितळांतून काढून महाविद्यालयांकडे दिले. मुली शिकाऊ मोलकरणी राहिल्या नाहीत, विद्यार्थिनी झाल्या. त्यांचे निवास रिकामे झाले कारण त्यांची पायरी वर गेली. आपल्याकडे पायरी होती तिथेच ठेवून तिच्यावरचे छप्पर तेवढे काढून घेतले. माझे भांडण आहे ते हे. आणि जागा नसल्याने काय होते? १९७३ साली मुंबईत कपडे बदलायला तळघरात जावे लागलेल्या एका परिचारिकेवर कोणता प्रसंग ओढवला, तो मराठी माणसाला सांगावा लागत नाही. सणाच्या अंकात मी तो सांगतही नाही.

इतके लिहून मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबले असते तर मला बरे वाटले असते. पण बोट माझ्याकडेही वळते. २०२० सालच्या २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मी तर पितळेचे ताट घेतले होते, नाद चांगला येतो म्हणून. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहात होती. केरळकडची, तिशीतली, येताजाता "नमस्ते टीचर" म्हणणारी. ती त्या वेळी ड्यूटीवर होती. तिच्यासाठी वाजवलेल्या थाळ्या तिने ऐकल्या नाहीत. मग पंधरवड्याने त्याच गच्चीवर, तोंडाला फडकी बांधून, हात-हातभर अंतरावर आम्ही सभेला जमलो. एक गृहस्थ म्हणाले, तिच्याबद्दल आदरच आहे, पण जिना एकच आहे. दुसरे म्हणाले, इमारतीत म्हातारी माणसे आहेत. हे खरेच होते. माझ्याच सासूबाई ऐंशीच्या होत्या. घरमालकाला कळवण्याचा कागद फिरला. माझ्यापुढे आला तेव्हा मी चष्मा पुसला आणि सही केली. एरवी सभेत चार शब्द बोलल्याशिवाय न राहणारी मी, त्या दिवशी एक शब्द बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली. दोन पिशव्या आणि एक शेगडी. कुठे गेली असे कुणी विचारले नाही. पुढे कळले की काही रात्री इस्पितळाच्या बाह्य रुग्ण विभागातल्या बाकावर काढल्या. देशभर असे इतके ठिकाणी झाले की २२ एप्रिलला सरकारला अध्यादेश काढावा लागला: १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांना छळणे, त्यांच्या राहण्यात अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला. थाळी वाजवून महिना झाला होता. म्हणजे ज्या बाईला आपण देवी म्हटले तिला जिन्यावरून चढू द्यावे म्हणून कायदा करावा लागला. सिडनीच्या कमिटीतल्या त्या गृहस्थांना मी वर नावे ठेवली आहेत. त्यांनी निदान इमारत तरी बांधली होती.

हे 'देवी' प्रकरण फार सोयीचे आहे. माणूस म्हटले की पगार आला, रजा आली, गादी-उशी आली, न्हाणीघर आले. देवीला नैवेद्य दाखवला की भागते, आणि तो आपणच खायचा असतो. १२ मे या नाइटिंगेलच्या जन्मदिवशी सगळीकडे परिचारिका दिन साजरा होतो. अलीकडेच आमच्या भागातल्या एका इस्पितळाने मला पाहुणी म्हणून बोलावले. मेणबत्त्या लावल्या, शपथ झाली, प्रत्येक नर्सला गुलाबाचे फूल आणि श्रीफळ मिळाले. अध्यक्ष म्हणाले, आपण सेवेच्या देवता आहात. माझ्या शेजारी बसलेल्या मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "रात्रपाळीच्या मुलींना पाठ टेकायला एक खोली मागतोय सहा वर्षे. फाइल चालू आहे." मी भाषणात ती खोली मागितली. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, लेखिका म्हणून आम्ही तुम्हांला बोलावले होते." पुढच्या वर्षी बोलावणे आले नाही, आणि खोलीही झाली नाही.

त्या मुलीचे काय झाले ते सांगायचे राहिले. यंदा तिने पुन्हा नाइटिंगेलचाच विषय घेतला, पण भाषण स्वतः लिहिले. त्यात बुरुजातल्या खोल्या होत्या, सेनानीचे प्रेत होते, सिडनीच्या विटांची इमारत होती, लूसी होती, आणि शेवटी "माझी आई" असा एक परिच्छेद होता. हात थरथरवला नाही. दिवा उंच धरलाच नाही. माझे सहपरीक्षक निवृत्त मुख्याध्यापक, ते मला म्हणाले, "विषयाला सोडून आहे." त्यांनी पाच गुण दिले. मी नऊ दिले. आमची थोडी वादावादीही झाली. बेरजेत तिचा नंबर आला नाही.

निकाल लागल्यावर मी तिच्या आईला भेटावे म्हणून सभागृहात मागे गेले. रात्रपाळी करून ती परस्पर शाळेत आली होती. शेवटच्या बाकावर, मांडीवर डबा आणि पर्स धरून, भिंतीला डोके टेकून ती गाढ झोपली होती. मुलगी शेजारी उभी होती. मला येताना पाहून तिने ओठांवर बोट ठेवले.